श्रावणातला आकडा

मोतीराम बोरस्ते यांचा सारा जन्म दुसऱ्यांनी केलेले काम तपासण्यात गेला होता. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन ते अंबडच्या एका कारखान्यात लागले आणि तिथल्याच तपासणी विभागातून निवृत्त झाले. कारखान्यात ते फारसे कुणाला आवडत नसत. मात्र भांडण झाले की दोन्ही बाजू त्यांच्याकडेच येत. त्यामुळे नाशिकच्या एका आरोग्य संस्थेने तंबाखूमुक्तीच्या कार्यक्रमाची पाहणी करायला त्यांना बोलावले, तेव्हा त्यांना त्यात काही नवे वाटले नाही. जॉब, म्हणजे तपासायची वस्तू, लोखंडाचा असो नाहीतर माणसाचा, माप कोणत्या साधनाने घेतले ते आधी पाहायचे आणि मग मापाकडे वळायचे, एवढे त्यांना ठाऊक होते.

कार्यक्रम शासनाच्या अनुदानावर चाले आणि संस्थेची माणसे तो राबवत. त्याचे केंद्र पिंपळगाव बसवंतला बाजार समितीजवळच्या एका गाळ्यात होते. व्यापाऱ्यांच्या ज्या पत्र्याच्या शेडांत कांदा निवडून गोण्यांत भरला जातो त्यांना तिकडे खळे म्हणतात. या खळ्यांवरच्या मजुरांची तंबाखू सुटावी, हा केंद्राचा हेतू. मे महिन्याच्या अखेरीस नावे नोंदवायची, तोंड तपासायचे, दर आठवड्याला समजावणी करायची, लागतील त्यांना गोळ्या द्यायच्या आणि तीन महिन्यांनी प्रत्येकाला विचारायचे की तंबाखू चालू आहे का बंद. हे सगळे काम उज्वला गायखे नावाची समुपदेशक एकटी पाहत असे.

संस्थेच्या कार्यक्रमप्रमुख योगिनी देवरे यांनी पहिल्याच भेटीत सांगितले, "सर, आकडे चांगले आहेत. शंभरातल्या बासष्ट जणांची बंद आहे. तुम्ही फक्त बघून घ्या."

"फक्त बघून घेतले की आकडे चांगलेच दिसतात," मोतीराम म्हणाले.

योगिनी हसल्या. मग त्यांनी मुद्द्याचे सांगितले. गणपती विसर्जनानंतर समितीची बैठक होती. पाहणीत हा आकडा टिकला तर चांदवड, निफाड आणि दिंडोरीला अशीच केंद्रे निघणार होती. आकडा तिसऱ्या हिश्श्याच्या खाली गेला, तर पिंपळगावचे केंद्रही बंद करावे, असा ठराव आधीच झालेला होता. उज्वलाला हे माहीत होते. मोतीराम पहिल्यांदा गाळ्यात गेले तेव्हा तिने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "सर, एक आधीच सांगते. मी आकडे फुगवलेले नाहीत. जे म्हणाले तेच लिहिलं."

"ते दिसेलच," मोतीराम म्हणाले, आणि त्यांनी चहा घेतला.

श्रावणाचा शेवटचा आठवडा होता. दुसऱ्या दिवशी ते एका खळ्यावर गेले. बायका कांद्याच्या ढिगाभोवती बसून बारीक माल बाजूला काढत होत्या. त्यांच्या टोळीची मुकादम सुलाबाई पायाखाली गोणपाट घेऊन ढिगाच्या टोकाला बसली होती. गोण्या गाडीवर चढवणारा भिकन तेवढ्यात हात झाडत खाली उतरला. मोतीरामांनी त्याला गाठले.

"पूर्वी किती खायचास?"

"लय नाय साहेब. सकाळी उठलं की एक, च्या झाला की एक, गाडी भरली की एक..."

"अन् गाडी गेली का नाय ते बघायला एक," सुलाबाई ढिगाआडून म्हणाली. "इचारू नका साहेब, दिवस मावळंल."

"मावशी, तुमाला इचारलं का?"

"मला इचारायच्या आधीच मी सांगती. मिश्री लावती मी. लिहा."

मिश्रीचा वेगळा प्रश्न कागदावर होताच. 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला मिश्री लावणाऱ्या बायका नाही म्हणतात, हे संस्थेच्या लक्षात येऊन दोन वर्षे झाली होती. मोतीरामांनी तशी खूण केली आणि पुन्हा भिकनकडे वळले.

"आता?"

"आता बंद हाय."

"पूर्ण?"

"पार बंद. तोंडाचा वास घ्या पाहिजे तर."

"नका घेऊ," सुलाबाई म्हणाली. "कांदाच यील."

सगळ्या बायका हसल्या. मोतीरामही जरासे हसले. कागदावरचे प्रश्न संपले होते. पण कारखान्यात त्यांना एक सवय लागली होती. यंत्र बंद आहे असे कुणी सांगितले की ते त्याची हत्यारे कुठे ठेवली आहेत ते विचारत. त्याच सवयीने त्यांनी विचारले, "चुन्याची डबी फेकलीस का?"

"डबी?" भिकनला प्रश्नच विचित्र वाटला. "डबी फेकून कसं चालंल? घरी फळीवर हाय. चुना सुकून दगड होतो ना, म्हणून अधनंमधनं पाण्याचे दोन थेंब टाकतो."

"बंद आहे, तर चुन्याला पाणी कशाला?"

"करीला लागंल ना साहेब," भिकन म्हणाला. समोरच्या माणसाला एवढेही कसे कळत नाही, याचेच त्याला नवल वाटत होते.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. श्रावण पाळणारे त्या दिवशी मटण शिजवतात. महिनाभर बंद ठेवलेले सारे त्या दिवशी सुरू होते. हे मोतीरामांना लहानपणापासून माहीत होते. त्यांच्या निफाडकडच्या भावकीत करीच्या दिवशी दुपारनंतर शहाण्या माणसाने कुणाकडे कामाला जाऊ नये, असे होते. जे माहीत होते, ते त्या कागदावर त्यांना दिसले नव्हते, इतकेच.

"म्हणजे तू तंबाखू सोडलेली नाहीस."

"सोडली कुठं म्हणलं मी? बंद हाय म्हणलं. ताईनं इचारलं चालू का बंद, मी म्हणलं बंद. श्रावणात खोटं बोलतो का मी?"

"नाही," मोतीराम म्हणाले. "तू बरोबर बोललास."

त्या दिवशी त्यांनी आणखी दोन खळ्यांवर चुन्याच्या डब्यांची चौकशी केली. बहुतेकांच्या डब्या फळीवर, खुंटीवर किंवा बायकोच्या ट्रंकेत सुखरूप होत्या. बऱ्याच चुन्यांना पाणी मिळत होते. संध्याकाळी गाळ्यात बसून त्यांनी मागील वर्षांचे आकडे काढले. मेअखेर नोंदणी, तीन महिन्यांनी चौकशी. म्हणजे चौकशी दरवर्षी श्रावणातच. ज्या वर्षी अधिक श्रावण आला होता, त्या वर्षीचा आकडा तर सगळ्यांत सुंदर होता.

लेथवरून नुकताच उतरलेला जॉब तापलेला असतो. तसाच मोजला तर माप मोठे येते, आणि थंड झाल्यावर तोच जॉब आखडतो. शिकाऊ मुले ही चूक हमखास करीत आणि मोतीराम त्यांना न रागावता जॉब बाजूला ठेवायला सांगत. इथे तीन वर्षे जॉब तापलेला मोजला गेला होता. त्यात उज्वलाची लबाडी नव्हती, मजुरांचीही नव्हती.

त्यांनी उज्वलाला सगळे सांगितले. ती बराच वेळ टेबलाच्या कडेवरचा सुटलेला पत्रा नखाने दाबत राहिली.

"श्रावण पाळतात हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू?" ती म्हणाली. "आमच्या घरातच पाळतात. पण मला वाटायचं, श्रावणाच्या निमित्तानं का होईना, बंद झाली की बरेच जण तशीच ठेवत असतील."

"करीनंतर कधी विचारलेत?"

"भाद्रपदात फॉर्म नसतो सर. आमचा फॉर्म श्रावणात संपतो."

बाहेर महामार्गावरून कांद्याची एक गाडी पिंपळगावात वळली.

मोतीरामांपुढे आता वेगळाच पेच होता. करीनंतर मोजणी केली तर कार्यक्रमाचे खरे माप मिळाले असते. मात्र उज्वलाला सगळे कळल्यामुळे ती करीच्या आधी हातपाय हलवणार, आणि मग जे मोजले जाईल ते जुन्या कार्यक्रमाचे माप राहणार नाही. तिला सांगितले नसते तर माप शुद्ध आले असते. पण त्या शुद्ध मापासाठी पन्नास-साठ माणसे डोळ्यांदेखत करीच्या दिवशी पुन्हा तोंडात बार भरताना पाहावी लागली असती. रात्रभर विचार करून त्यांनी एक तोड काढली आणि सकाळी ती उज्वलापुढे मांडली. महामार्गाच्या अलीकडच्या खळ्यांवर तिने हवे ते करावे, पलीकडच्या खळ्यांवर काहीच करू नये. करीनंतर दोन्हीकडे मोजावे. जुने आणि नवे, दोन्ही आकडे एकदम हाती येतील.

"आणि पलीकडच्यांना काय सांगू?" उज्वलाने विचारले. "यंदा तुमची पाळी नाही म्हणून?"

"सांगायचे काहीच नाही."

"भिकनदादाचं खळं पलीकडे येतं सर. त्याच्या डाव्या गालात पांढरा चट्टा आहे, मे महिन्यात मीच पाहिला. तोंड पुरतं उघडत नाही, तीन बोटं आत जात नाहीत त्याच्या. तो तुमच्या जुन्या आकड्यात धरायचा?"

मोतीरामांनी कागद दुमडून खिशात घातला. तोड चुकीची नव्हती. जी माणसे ती पेलणार होती, त्यांना कुणी विचारले नव्हते. त्यांनी तो विषय तिथेच मिटवला आणि दुसऱ्या वाटेने विचार केला. जुना कार्यक्रम मोजायला यंदाचीच माणसे कशाला हवीत? गेल्या वर्षी ज्यांनी 'बंद' सांगितले होते, ती माणसे फोनवर होतीच. त्यांना फक्त सणाचे नाव घेऊन विचारायचे होते. कोणत्या तारखेला तंबाखू खाल्ली हे कुणी सांगू शकणार नव्हते, पण गेल्या करीला काय झाले हे प्रत्येकाला आठवणार होते.

दोघांनी मिळून फोन केले. प्रश्न उज्वला विचारी, उत्तर मोतीराम लिहीत. बहुतेक उत्तरे हसत हसतच येत. एक जण म्हणाला, "ताई, करीला तर देवसुद्धा काही बोलत नाही." दुसऱ्याने उलट विचारले, "का, कुणी चुगली केली?" गेल्या वर्षी नाव नोंदवलेल्या शंभरातले जेमतेम सोळा जण करीच्या पलीकडे टिकले होते.

उज्वलाने तो आकडा पाहिला. ठरावातला तिसरा हिस्सा तिला पाठ होता.

"हा तुम्ही लिहिणार," ती म्हणाली.

"लिहावाच लागेल."

"मला माहीत होतं." तिने ओढणी खांद्यावर नीट केली. "चला, खळ्यावर जाऊ. कर तीन दिवसांवर आलीय."

खळ्यावर दुपारची सुट्टी झाली होती. बायका भाकरी सोडून बसल्या होत्या. भिकन आणि त्याचे दोन जोडीदार गोण्यांच्या थप्पीला टेकले होते. उज्वलाने या वेळी कर्करोगाची चित्रे बाहेर काढलीच नाहीत. तिने सरळ विचारले, "भिकनदादा, करीला मटण खा, काय करायचं ते करा. पण पुडी का लागते?"

"मला नाय लागत," भिकन म्हणाला. "महिना निघाला ना बिगरतंबाखूचा. पण जेवून उठलं की दाजी पुडी पुढं करतो. नाय म्हणलं तर म्हणतो, पावनं लय मोठं झालं, आमच्या हातची चालत नाय. मंग भांडण."

"डॉक्टरनं नको सांगितलं म्हण," जोडीदार म्हणाला.

"डॉक्टरला कोण इचारतो? दाजी म्हणतो, डॉक्टरच खातो."

"श्रावणात कसं कुणी पुढं करत नाय," सुलाबाई म्हणाली. "पाळतोय म्हणलं की गप बसत्यात. श्रावण सुटला की इज्जत सुटली."

"यंदा अधिक पाहिजे होता," भिकन म्हणाला. "मागं अधिक आला तव्हा दोन महिने कुणी हात पुढं केला नाय. लय बरं गेलं."

उज्वला त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "मग धरा की अधिक."

"असा कसा धरायचा? पंचांगात नाय."

"मटणाचा नाही, दारूचा नाही. फक्त तंबाखूचा. तुमच्यापुरता. दाजीनं पुडी पुढं केली की म्हणायचं, माझा अधिक चालू हाय."

"कितीचा?"

"तुम्ही धराल तितका."

सुलाबाईने कपाळावर हात मारला. "ताई, भटजींचं पोट मारता का आता तुमी?" पण ती हसत होती, आणि तिच्या टोळीतल्या एका बाईने लगेच विचारले की मिश्रीचाही धरता येतो का.

त्या तीन दिवसांत उज्वला महामार्गाच्या दोन्ही बाजूंच्या एकेका खळ्यावर फिरली. मोतीराम बरोबर असत, पण एका बाजूला उभे राहत. आपण तपासायला आलो आहोत, हे ते स्वतःला अधूनमधून बजावत. तरी चौथ्या खळ्यावर एका म्हाताऱ्याने "अधिकाला देव कोणता?" असे विचारले, तेव्हा उज्वलाच्या आधी त्यांच्याच तोंडून गेले, "ज्याला नवस बोलला आहात तोच." मग ते दोन पावले मागे सरकले.

कर आली आणि गेली. गणपती बसले. विसर्जनाच्या आधी मोतीरामांनी यंदाच्या प्रत्येक माणसाला स्वतः गाठून विचारले. चालू का बंद हे नाही, तर करीला काय झाले, गौरीच्या जेवणाला काय झाले, काल काय झाले. भिकनने करीला एकदा घेतली होती आणि थुंकली होती. "अधिक मोडला काय?" त्याने धास्तावून विचारले. मोतीरामांनी ते जसे होते तसे लिहिले. सगळे मिळून शंभरात अडतीस जणांची तंबाखू त्या दिवसापर्यंत सुरू झालेली नव्हती.

समितीच्या बैठकीत त्यांनी दोन्ही आकडे मांडले. योगिनी देवरेंचा चेहरा सोळावर उतरला आणि अडतीसवर थोडा उजळला. अध्यक्ष डॉक्टर देवराम पगार यांनी चष्मा काढला.

"बोरस्ते, ह्यातला आम्ही कोणता धरायचा?"

"जुन्या पद्धतीसाठी पहिला. नव्या पद्धतीचा दुसरा. पण दुसरा अजून निवलेला नाही. पुढे दिवाळी आहे, लग्नसराई आहे."

"पण अडतीस तिसऱ्या हिश्श्याच्या वर आहे," योगिनी घाईने म्हणाल्या. "सरांनी त्यावर सही केली तर तीन केंद्रांचा प्रस्ताव आजच पुढे जाईल. नाहीतर वर्ष गेलं."

सगळ्यांनी मोतीरामांकडे पाहिले. भिंतीशी बसलेल्या उज्वलानेही.

"अडतीस मोजले, यावर सही करतो," मोतीराम म्हणाले. "अडतीस राहतील, यावर करू शकत नाही."

त्या वाक्याने तीन केंद्रे गेली. चर्चा आणखी चालली, पण ती उरलेल्या एका केंद्राची होती. शेवटी ठरले की पिंपळगावचे केंद्र दिवाळीपर्यंत ठेवावे, चौकशीचे प्रश्न नव्या रीतीने लिहावेत, दिवाळीनंतर फिरून मोजावे आणि तेव्हाही तिसऱ्या हिश्श्याच्या वर राहिले तरच पुढे चालवावे. तेव्हाची मोजणीही बोरस्ते यांनीच करावी, असे डॉक्टर पगार म्हणाले.

"ती दुसऱ्या कोणाकडून करून घ्या," मोतीराम म्हणाले.

"का? तुमच्या मापावर आमचा विश्वास आहे."

"माझा राहिलेला नाही. आकडा वाढावा असे मला वाटू लागले आहे. ज्याला तसे वाटते त्याने मोजू नये."

पगारांनी सचिवांना तसे टिपून घ्यायला सांगितले.

बैठकीनंतर उज्वला पिंपळगावची बस धरायला नाशिकमधल्या द्वारका चौकाकडे निघाली. मोतीराम बरोबर चालत होते.

"सही केली असतीत तर काय झालं असतं?" तिने विचारले. तिच्या आवाजात राग होता आणि तो लपवण्याची तिला गरज वाटली नाही.

"तीन नव्या ठिकाणी जुनाच फॉर्म गेला असता आणि तिथेही श्रावणातच मोजले असते. सगळे खूश झाले असते."

"माझं काम पक्कं झालं असतं."

"हो," मोतीराम म्हणाले. "ते झाले असते."

चौकात गाड्यांचा गोंगाट होता. बसथांब्यावर आल्यावर उज्वलाचा राग पुरता गेला नव्हता, पण तिचे डोके पुढच्या कामाला लागले होते.

"दिवाळीला सुलाबाईची टोळी सुरगाण्याकडे गावी जाते. पंधरा दिवस तरी येत नाही. तिथे घरोघरी पुढं करतील सगळे. जायच्या आधी प्रत्येकीशी बोलायला लागेल." मग ती म्हणाली, "आणि भिकनदादाला जिल्हा रुग्णालयात न्यायचंय. चट्टा दाखवायला. दोनदा तारीख घेतली, दोनदा गेला नाही. एकट्याला भीती वाटते त्याला, पण तसं म्हणत नाही. गाडी भरायची होती म्हणतो."

"तारीख कधीची आहे?"

"सोमवार. पण सोमवारी मी खळ्यावर असते. आणि आता तुम्ही तपासणीला नाही म्हटल्यावर तिकडे येणारही नाही..."

ओझर-पिंपळगाव लिहिलेली बस समोर येऊन थांबली. माणसे चढू लागली. उज्वलाने पिशवी खांद्यावर घेतली आणि पायरीवर एक पाय ठेवून मागे पाहिले.

"त्याला सोमवारी पहिल्या बसने इकडे पाठवा," मोतीराम म्हणाले. "मी इथेच उभा असेन. मी घेऊन जातो."